कांदा-लसूण न घालता चिनी-जपानी स्वयंपाक: नागपूरच्या घरात काय आणि कसं करावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. घर नागपुरात, पूर्ण शाकाहारी. सासूबाई कांदा-लसूण खात नाहीत आणि मुलांना चिनी, जपानी, कोरियन पदार्थ हवे असतात. घरी केलं की ते एकतर चायनीजच्या गाडीवरच्या मंचुरियनसारखं लागतं, नाहीतर पाणचट होतं. कोणत्या बाटल्या घ्यायच्या, सामान इथे मिळतं का आणि लसणाशिवाय चव येते का, असं ताईंनी विचारलं आहे. मी बरीच वर्षं हा स्वयंपाक शिकवते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ताई, आधी लसणाचं बोलू, कारण तुम्हाला जी अडचण वाटते आहे तीच तुमची वाट सोपी करणार आहे. चीन, जपान आणि कोरियातल्या बौद्ध मठांत शतकानुशतकं शाकाहारी स्वयंपाक होत आला आहे. चीनमध्ये लिआंग घराण्याचा सम्राट वू याने सहाव्या शतकात भिक्षूंना मांस वर्ज्य ठरवलं, आणि तेव्हापासून तिथे मठांच्या स्वयंपाकघराची वेगळी परंपरा उभी राहिली. या परंपरेत मांसासोबत पाच उग्र वासाच्या गोष्टीही वर्ज्य मानतात. लसूण आणि कांदा त्यात येतातच, बऱ्याच याद्यांत हिंगसुद्धा येतो. म्हणजे तुमच्या सासूबाईंच्या ताटाचा विचार करूनच शिजवलेले शेकडो पदार्थ आधीपासून तयार आहेत. दीक्षाभूमीच्या या शहरात मठांच्या स्वयंपाकाबद्दल फारसं कुणी विचारत नाही, याची मला खरंच खंत वाटते.

आपण करतो काय, तर हॉटेलातला मांसाचा पदार्थ घेतो, मांस काढतो, त्या जागी पनीर किंवा फुलकोबी घालतो आणि गेलेली चव सॉस ओतून भरून काढायला बघतो. तसा पदार्थ पोकळच लागणार. जो पदार्थ मुळात शाकाहारी आहे, तोच निवडा. त्याची चव कुठून येते, ते तो रांधणाऱ्यांनी केव्हाच ठरवून ठेवलं आहे. आणि ती बहुतेक वेळा येते पाण्यातून, म्हणजे स्टॉकमधून.

पाणचटपणाचं खरं कारण हेच आहे. सूप, रस्सा, सॉस, सगळ्यात आपण नळाचं पाणी घालतो. जपानी घरात कोंबू नावाचं वाळवलेलं समुद्री शेवाळ पाण्यात भिजवून त्याचा अर्क काढतात. 1908 साली तोक्योचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी या अर्काच्या चवीचं मूळ शोधलं, ते म्हणजे ग्लुटामेट. त्या चवीला त्यांनी उमामी म्हटलं. पुढे जपानी शास्त्रज्ञ अकिरा कुनिनाका यांनी दाखवलं की ग्लुटामेटच्या जोडीला ग्वानिलेट आलं की चव कित्येक पटींनी वाढते. आणि वाळवलेल्या शिताके मशरूममध्ये ग्वानिलेट भरपूर असतं. कोंबू आणि शिताके एकत्र भिजवायची मठांतली रीत या शोधांच्या कितीतरी आधीची आहे.

एक लिटर पाण्याला साधारण 10 ग्रॅम कोंबू आणि पाच-सहा वाळलेली शिताके घ्या. रात्री गार पाण्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी मंद आचेवर हळूहळू तापवा आणि पाण्याला तळाशी बुडबुडे धरायला लागले की कोंबू काढून घ्या. तो खळखळून उकळला तर पाणी बुळबुळीत आणि कडसर होतं. शिताके मात्र आणखी वीस मिनिटं मंद आचेवर राहू द्या. घाई म्हणून शिताकेवर एकदम उकळतं पाणी ओतू नका, ती नरम होतील पण अर्क तसा उतरणार नाही. भिजलेली मशरूम फेकायची नाहीत. देठ कापून पुढच्या स्टॉकसाठी ठेवा आणि टोप्या चिरून भाजीत घाला.

सासूबाई मशरूम खात नसतील, किंवा कोंबू मागवायचा नसेल, तर सोयाबीनला मोड आणा. चिनी शाकाहारी स्वयंपाकात मोडाच्या सोयाबीनचा स्टॉक अगदी मानाचा समजला जातो. कोरियन घरांत तर त्याचं रोजचं सूप असतं. मटकीसारखेच भिजवून, फडक्यात बांधून मोड आणायचे, फक्त दिवसातून दोन-तीनदा धुवायचे, नाहीतर आपल्या उन्हाळ्यात वास मारतो. दोन वाट्या मोड चमचाभर फल्ली तेलात आल्याच्या दोन चकत्यांसोबत चार-पाच मिनिटं परता, मग त्यावर दीड लिटर उकळतं पाणी ओता आणि मोठ्या आचेवर अर्धा तास उकळा. आधी परतल्यामुळे पाणी दुधाळ होतं. त्यात पत्ताकोबीचा दांडा आणि गाजराचा तुकडा टाकला तर गोडवा येतो. हा स्टॉक मीठ घालून नुसता प्यायलात तरी तुम्हाला फरक कळेल.

नागपूरच्या मे महिन्याचा एक फायदाही घ्या. बटन किंवा धिंगरी मशरूमच्या पातळ चकत्या पांढऱ्या कपड्यावर पसरून, वरून जाळी टाकून गच्चीवर ठेवा. दोन दिवसांत त्या कडकडीत वाळतात. ताज्या मशरूममध्ये जवळजवळ सगळं पाणीच असतं, वाळली की त्यांचा स्वाद एकवटतो. कुरडया-पापडांच्या वाळवणातच हे एक ताट बसवून टाका, वर्षभर पुरतं.

अजिनोमोटोबद्दल मला नेहमी विचारतात. तो इकेदांनी शोधलेलाच पदार्थ, सोडियमच्या रूपात. पिकलेल्या टोमॅटोतलं आणि कोंबूतलं ग्लुटामेट हे त्याच जातीचं. चिमूटभर घातलं म्हणून घाबरण्याचं कारण नाही. पण स्टॉक नीट केला असेल तर त्याची गरज उरत नाही, आणि मी स्वतः घरी वापरत नाही.

आता बाटल्या. एकच चांगली घ्यायची असेल तर सोया सॉस घ्या आणि घटकांची यादी वाचून घ्या. सोयाबीन, गहू, मीठ, पाणी एवढंच असेल आणि नैसर्गिक आंबवणीचा उल्लेख असेल तर ती बाटली योग्य. यादीत कॅरॅमल रंग, साखर, ॲसिटिक ॲसिड दिसलं तर ती रंगाची बाटली समजा. गाडीवरच्या मंचुरियनची जी एकसारखी चव तुम्हाला खटकते, ती बरीचशी अशा काळ्या सॉसची, व्हिनेगरची आणि कॉर्नफ्लोअरची असते. चांगल्या सोया सॉसला पैसे जास्त पडतात, पण तो चमच्याने मोजून घालायचा असतो. उघडल्यावर फ्रिजमध्येच ठेवा, आपल्या उन्हाळ्यात ओट्यावर तो लवकर उतरतो.

दुसरी बाटली भाजलेल्या तिळाच्या तेलाची. आपलं घाणीचं तिळाचं तेल वेगळं, ते कच्च्या तिळाचं असतं. भाजलेल्या तिळाचं तेल परतायला वापरायचं नाही, आच बंद केल्यावर अर्धा चमचा वरून घालायचं. परतायला आपलं फल्ली तेल उत्तम. दक्षिण चीनमध्येही शेंगदाण्याचंच तेल वापरतात, त्यामुळे त्याबद्दल मनात किंतु ठेवू नका. राइस व्हिनेगर नसेल तर साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी आणि चिमूटभर साखर घातली की त्याचा झणका कमी होतो. मिसो, म्हणजे सोयाबीनची आंबवलेली जपानी पेस्ट, नंतर घ्या, पहिल्याच दिवशी नको.

बाकी बरंच इतवारी बाजारातच आहे. चक्रीफूल, दालचिनी, लवंग आणि बडीशेप ही चिनी पंचमसाल्याची चार अंगं झाली. पाचवं म्हणजे चीनच्या सिचुआन प्रांतातलं मिरं, जिभेला मुंग्या आणणारं. ते न मिळाल्यास कोकणी वस्तूंच्या दुकानातून तिरफळं आणा. ती त्याच जातकुळीची आहेत आणि वापरायची रीतही तीच, म्हणजे आतली काळी बी फेकून द्यायची आणि टरफल कोरडं भाजून कुटायचं. सुगंध थोडा निराळा येतो, पण मुंग्या येतात. आणि संत्र्याची साल! दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात शिनह्वेई नावाच्या भागातली वाळवलेली संत्रासाल वर्षानुवर्षं मुरवून विकतात, जुनी तितकी महाग. आपल्याकडे आंबिया बहाराची संत्री आली की स्वच्छ धुऊन साली काढा, आतल्या पांढऱ्यासकट वाळवा आणि कोरड्या बरणीत भरा. पाण्यात मऊ केलेला बोटाएवढा तुकडा बारीक चिरून टोफूच्या रश्श्यात घाला. नागपूरकरांनी ही साल फेकून देऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

टोफूबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण विदर्भ सोयाबीन पिकवतो आणि आपण टोफू मात्र पाकिटातला, आठवडा उलटलेला खातो. एक इशारा आधी. घरच्या शेतातलं सोयाबीन असेल तर ते खाण्याचंच आहे याची खात्री करा. पेरणीच्या बियाण्याला बुरशीनाशक लावलेलं असतं, ते धुऊनसुद्धा खायचं नाही.

पाव किलो सोयाबीन आठ-दहा तास भिजवा. उन्हाळ्यात फ्रिजमध्येच भिजवा, नाहीतर पाणी आंबतं. मिक्सरमध्ये वाटताना गरम पाणी घाला, म्हणजे सोयाबीनचा तो हिरवट वास निघत नाही. एकूण पावणेदोन लिटर पाणी लागेल. फडक्यातून घट्ट पिळून दूध काढा आणि मोठ्या पातेल्यात ठेवा, कारण ते फसफसून वर येतं. वर आलं म्हणजे उकळलं असं समजू नका. आच कमी करून, तळापासून ढवळत आणखी दहा मिनिटं उकळा. कच्चं सोयादूध पचायला वाईट असतं. मग गॅस बंद करून पाचेक मिनिटं थांबा. चार मोठे चमचे लिंबाचा रस एक वाटी पाण्यात मिसळून तो तीन वेळा थोडा थोडा घाला, दर वेळी डाव एकदाच हळू फिरवा. पनीरसारखं घुसळायचं नाही. झाकून पंधरा मिनिटं ठेवा. गाठींच्या भोवतीचं पाणी पिवळसर आणि नितळ दिसलं की झालं. पाणी अजून दुधाळ असेल तर चमचाभर रस आणखी. जपानमध्ये यासाठी निगारी म्हणजे मुख्यतः मॅग्नेशियम क्लोराईड वापरतात, चीनमध्ये खाण्यायोग्य जिप्सम. त्यांनी टोफू जास्त मऊ आणि गोडसर होतो. लिंबाचा किंचित आंबटसर आणि थोडा भुसभुशीत होतो, पण भाजीसाठी छान चालतो. गाठी फडक्यात घेऊन वर किलोभर वजन ठेवा, अर्ध्या तासात वडी पडते. गार पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवायची आणि रोज पाणी बदलायचं. तीन दिवसांत संपवा. उरलेला चोथा थालीपिठात घाला.

टोफू कढईत तुटतो, अशी सगळ्यांची तक्रार असते. चौकोनी तुकडे मिठाच्या गरम पाण्यात, न उकळता, पाच मिनिटं ठेवा आणि अलगद काढा. ते घट्ट होतात आणि आतपर्यंत मीठ जातं. रस्सा जास्त शोषून घ्यायला हवा असेल तर वडी फ्रीझरमध्ये गोठवून, वितळवून, हातांनी दाबून पाणी काढा. आतून जाळी पडते. जपानमध्ये कोया पर्वतावरच्या मठांच्या नावाने असाच गोठवून वाळवलेला टोफू ओळखला जातो.

आच हा घरच्या शेगडीचा कमकुवत भाग आहे. गाडीवरच्या भट्टीची आच आपल्याकडे नाही, म्हणून कढई भरायची नाही. पातळ लोखंडी कढई धूर येईपर्यंत तापवा, भाजी धुऊन पूर्ण कोरडी करा आणि एका वेळी दोन माणसांपुरतीच परता. चौघांचं दोन घाण्यांत करा. सोया सॉस भाजीवर ओतू नका, कढईच्या कडेने सोडा, म्हणजे तो तापलेल्या लोखंडावर चुरचुरतो आणि वास खमंग येतो. बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, शेंगा अशा करून बघा: बोटाएवढे तुकडे, थोड्या तेलात मध्यम आचेवर सालीला सुरकुत्या पडेपर्यंत परतायचे, मग आलं, सुकी लाल मिरची, भाजलेल्या तिरफळाची पूड आणि चमचाभर सोया सॉस. पाण्याचा थेंबही नको. सिचुआनमध्ये शेंगा याच पद्धतीने करतात.

वांग्याचा एक पदार्थ तर वैदर्भीय घरासाठीच आहे असं वाटतं. सिचुआनमध्ये त्याला माशाच्या सुगंधाचं वांगं म्हणतात, पण त्यात मासा नसतो, मासे शिजवताना जो मसाला वापरतात तो असतो. मूळ कृतीत लसूण असतो आणि बरेच जण खिमाही घालतात, दोन्ही गाळले तरी वांगं आपल्या जागी भक्कम राहतं. अर्धा किलो लांब वांगी बोटासारखी कापून, मीठ लावून वीस मिनिटं ठेवा, पुसा आणि तेलात मऊ होईतो परता. बाजूला काढा. त्याच कढईत दोन चमचे आलं आणि आंबवलेल्या मिरची-बीन्सची पेस्ट परता. ती नसेल तर भिजवून वाटलेली ब्याडगी मिरची तेल लाल सुटेपर्यंत परतून त्यात चमचाभर मिसो घाला. मग अर्धी-पाऊण वाटी स्टॉक आणि साखर, व्हिनेगर, सोया सॉस प्रत्येकी एक मोठा चमचा. वांगी परत घाला, दोन मिनिटं शिजू द्या आणि शेवटी एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून. जास्त नको, रस वांग्याला नुसता चिकटला पाहिजे. वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरून.

मुलांच्या नूडल्ससाठी तुम्हाला पाकीट लागणार नाही. ज्या घरात कुरडईचा चीक काढतात, त्या घराला ल्यांगपी अवघड नाही. चीनच्या शान्शी प्रांतातल्या या गार नूडल्सचा एक प्रकार गव्हाच्या चिकाचाच असतो. दोन वाट्या मैद्याची मीठ घालून घट्ट कणीक मळा, तासभर झाकून ठेवा आणि मग पातेल्यातल्या पाण्यात चोळून धुवा. पाणी दुधाळ होईल, ते गाळून साठवा, पुन्हा नवीन पाणी. चार-पाच पाण्यांनंतर हातात रबरासारखा पिवळट गोळा उरतो. तो वीस मिनिटं वाफवून तुकडे करा, शाकाहारी मठांत मांसाच्या जागी हेच वापरतात. दुधाळ पाणी फ्रिजमध्ये पाच-सहा तास स्थिर ठेवा, वरचं नितळ पाणी ओतून द्या आणि खालचा चीक ढवळून घ्या. स्टीलच्या ताटलीला तेल लावून डावभर चीक पातळ पसरा, उकळत्या पाण्यावर झाकून दोन-तीन मिनिटं वाफवा. पापुद्रा पारदर्शक होऊन फुगा आला की ताटली गार पाण्यावर ठेवा आणि अलगद सोलून घ्या. तेलाचा हात लावून पट्ट्या कापा. वर काकडी, वाफवलेले गोळ्याचे तुकडे, सोया सॉस, व्हिनेगर, वाटलेले भाजके तीळ आणि मिरचीचं तेल. 45 अंशांच्या दुपारी यापेक्षा चांगलं गार जेवण मला माहीत नाही.

जपानी भातासाठी बासमती चालत नाही, तो सुटा होतो. इंद्रायणी घ्या, शिजल्यावर चिकट राहतो. किमची, म्हणजे आंबवलेली कोरियन पत्ताकोबी, करायची तर गोचुगारूच्या (कोरियन लाल मिरचीच्या भरडीच्या) जागी ब्याडगीची जाडसर भरड वापरा. भिवापुरी नको, ती फार तिखट पडेल आणि किमचीत मिरची भरपूर लागते. लसणाऐवजी आलं, मुळा आणि थोडं पेअर किंवा सफरचंद किसून घाला, कोरियन मठांतली किमचीही लसणाशिवायच असते. हिवाळ्यात बाहेर तीन-चार दिवस ठेवा, उन्हाळ्यात एक दिवस पुरे, मग फ्रिज. चायनीज पत्ताकोबी नाही मिळाली तर आपली पत्ताकोबी मोठी चिरून, मीठ लावून थोडी जास्त वेळ ठेवायची. वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, पावसाळ्यात बाजारात दिसले तर जरूर आणा, पण आधी चांगले उकळून ते पाणी फेकून द्या. कच्च्या कोंबांत सायनाईड तयार करणारे घटक असतात.

विकतचं घेताना एवढं पाहा: ऑयस्टर सॉस कालवांचा असतो, मशरूमचा शाकाहारी प्रकार वेगळा मागावा लागतो. तयार किमचीत बहुतेक वेळा खारवलेली कोळंबी किंवा माशाचा सॉस असतो. झटपट मिसो सूप आणि दाशीच्या, म्हणजे जपानी स्टॉकच्या, पुडीत बहुतेक वेळा वाळवलेला बोनिटो मासा असतो. हॉटेलात मिसो सूप शाकाहारी म्हणून दिलं तरी दाशी कशाची, हे विचाराच. हिरवा ठिपका प्रत्येक वेळी बघा, परदेशी पाकिटावर तो चिकटवलेल्या कागदावर असतो.

सुरुवात कुठून करू, असं विचाराल तर या आठवड्यात फक्त सोया सॉस आणि शिताके आणा. शनिवारी रात्री नुसत्या शिताकेचा स्टॉक भिजवा. रविवारी त्यातल्या अर्ध्या स्टॉकमध्ये मुळ्याच्या जाड चकत्या सोया सॉस घालून मंद शिजवा, मुळा पारदर्शक होईपर्यंत, आणि उरलेल्यात वांगं करा. पहिल्या खेपेला मिसो नसला तरी चालेल, नुसती परतलेली ब्याडगी पुरे. सोबत इंद्रायणीचा भात आणि ठेचलेली काकडी, मीठ-व्हिनेगर-तीळ लावून. सासूबाईंना आधी मुळा वाढा. मुलांच्या वांग्यात तिखट वाढवायचं असेल तर त्यांचा वाटा वेगळा काढून त्यावर मिरचीचं तेल घाला.